पेडवे की तारलीची पिल्ले?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लहान मासळी पकडण्यावरील निर्बंधांची आपल्या अंकातली बातमी वाचली. राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, ते योग्यच झाले. पण घोडे पेंड खाते ते नावांपाशी.

तारलीचेच बघा. केरळात ती मत्ती किंवा चाळा, मंगळूरकडे तुळूत बुताई; शास्त्रीय नाव सार्डिनेला लाँगिसेप्स. आपल्याकडे मात्र 'पेडवे' हे नाव आडवे येते. काही ठिकाणी तारलीच्या पिल्लांना पेडवे म्हणतात, तर काही ठिकाणी सार्डिनेला फिम्ब्रिएटासारख्या मुळातच लहान राहणाऱ्या वेगळ्या जातींना. मग टोपलीतले पेडवे पुरते वाढलेले की कोवळे, हे तपासणाऱ्याने ओळखायचे कसे?

मासा हातात घेतला तर फरक दिसतो. तारलीचे अंग गोलसर, डोके लांबट आणि कल्ल्याच्या झाकणाच्या मागच्या कडेला काळा ठिपका. फिम्ब्रिएटा अंगाने चपटा, त्याचा काळा डाग पाठीवरचा पर जिथे सुरू होतो तिथे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. अडचण बाकीच्यांची आहे, आणि खवले गळून रंग उडालेल्या मालात तर ठिपका शोधत बसावे लागते.

तारली साधारण १५ सेंटीमीटरची झाली की अंड्यावर येते. आयुष्य जेमतेम अडीच वर्षांचे. त्यामुळे पिल्ले कुटीसाठी, म्हणजे मासळीच्या भुकटीसाठी, गेली की त्याचा फटका लगेच पुढच्या हंगामाला बसतो. केरळात २०१२ मध्ये सुमारे चार लाख टन तारली मिळाली होती, २०२१ मध्ये साडेतीन हजार टनही नाही. यात समुद्राच्या बदलत्या हवामानाचा वाटा मोठा आहे, सगळे खापर जाळ्यांवर फोडणे अन्यायाचे ठरेल. तरी निदान कोवळा मासा वाचवणे आपल्या हातात आहे.

तेव्हा प्रत्येक बंदरावर फलक लागावेत. त्यांवर माशाचे किमान आकाराएवढे चित्र हवे आणि खाली त्या त्या गावात चालणारी सगळी नावे. नुसत्या शास्त्रीय नावांची यादी डकवून काही साधणार नाही. आपणही बाजारभावाच्या सदरात 'तारली/पेडवे' असा एकच भाव छापू नये, ही विनंती.

आपला,
एक वाचक, मालवण