एका किल्लीला दोन कुलपं, आणि आळ आमच्या मामांवर

प्रति,
मॅनेजर साहेब,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: तुमच्या 7 लिव्हरच्या कुलपांच्या किल्ल्या एकमेकांना लागतात त्याबद्दल, आणि एका माणसाचं नाव साफ करून देण्याबद्दल

नमस्कार साहेब,

मी बेळगावहून, उद्यमबागेतनं लिहितेय. आमचं छोटं मशीनशॉप आहे, 6 लेथ, 2 सीएनसी, एक हायड्रॉलिक प्रेस आणि 19 माणसं. मशीनकडचं सगळं मिस्टर बघतात, ऑफिस, स्टोअर आणि किल्ल्या माझ्याकडं. जूनमध्ये पाऊस लागायच्या आधी आम्ही तुमच्या कंपनीची 14 कुलपं घेतली, एकेक 640 रुपयाला, म्हणजे 8,960 रुपये झाले, बिल जोडलंय. दीडशे-दोनशेची पण होती दुकानात, पण खोक्यावर 7 लिव्हर, कडक केलेली कडी आणि प्रत्येक कुलपाची किल्ली वेगळी असं छापलेलं बघून मी मुद्दाम हीच घेतली, मिस्टर म्हणत होते एवढी महाग कशाला, तर मीच म्हटलं की कुलपात काटकसर नको.

यंदाच्या खंडेनवमीला काय झालं ते आधी सांगते. आमच्याकडं त्या दिवशी मशीन बंद, सगळं धुवून पुसून झेंडूच्या माळा, मोजमापाचे व्हर्नियर मायक्रोमीटरसुद्धा पाटावर मांडून हळदकुंकू. कुलपं पण उतरवतो, कारण राखणीचं हत्यार तेच. तर ती 14 कुलपं पुसून, किल्ल्या ताटात ठेवून पूजा झाली, आणि परत लावताना भंगाराच्या शेडकडं असणारा पोरगा चुकून आपली 9 नंबरची किल्ली टूलरूमच्या 4 नंबरच्या कुलपात घालून बसला आणि कुलूप उघडलं. झटका नाही, हिसका नाही, आपलीच असल्यासारखी फिरली. तो पोरगा जागेवरच ओरडला, "वैनी, हे बघा की, माझी किल्ली ह्याला लागूलालीय!" त्यानं गुपचूप परत लावलं असतं तर मला आजपर्यंत कळलं नसतं, म्हणून त्याचं मला कौतुक आहे.

माझे हातपाय गार पडले साहेब, कारण मला ऑगस्ट आठवला.

ऑगस्टमध्ये टूलरूममधनं कार्बाइड इन्सर्टचे 3 बॉक्स गेले. इन्सर्ट म्हणजे लेथच्या हत्याराला पुढं लावायची नखाएवढी टीप, एका बॉक्समध्ये 10 येतात, खिशात मावतात आणि किमतीला भारी. टूलरूमची एक किल्ली स्टोअरच्या मामांकडं आणि दुसरी माझ्या कपाटात, तिसरी नाहीच. मामा आमच्याकडं 22 वर्षं आहेत, सासऱ्यांच्या काळापासनं, येळ्ळूरहून सायकलनं येतात, पावसात पण. कुलूप फोडलेलं नाही, कोयंडा वाकलेला नाही, दारावर ओरखडा नाही, मग विचारायचं कुणाला? मामांनाच विचारलं. मीच विचारलं, ते मी लपवत नाही. चोरी केली असं कुणी तोंडानं म्हटलं नाही, पण चारदा तेच तेच विचारणं म्हणजे वेगळं काय असतं. मामा म्हणाले, "वैनी, माझ्या पगारातनं कापून घ्या, पण ह्या वयात चोर म्हणून नको." त्यानंतर ते दुपारी डबा घेऊन आमच्यात बसायचे बंद झाले, एकटेच बाहेर लिंबाच्या झाडाखाली जेवायचे, आणि सप्टेंबरमध्ये 8 दिवस आलेच नाहीत. किल्ली त्यांनी स्वतःहून टेबलावर आणून ठेवली.

बॉक्स कुणी नेले ते आजही कळलेलं नाही आणि मी कुणावर बोट ठेवत नाही. भंगाराच्या शेडची किल्ली दिवसातनं दहा हातात जाते, गाडीवाले, हमाल, बाहेरची माणसं, कारण भंगाराला कोण एवढं जपतंय. पण तीच किल्ली टूलरूम उघडते म्हटल्यावर मामांना एकट्याला विचारण्यात काही अर्थच नव्हता ना? कारखान्यात कुलूप लावतो ते नुसतं चोर बाहेर ठेवायला नाही. कुठल्या दाराची जबाबदारी कुणाची हे त्यानं ठरतं. आमच्याकडं किल्लीची वही आहे, कोण किती वाजता किल्ली घेतो, कधी परत देतो, सही सकट. किल्लीवर खोलीचं नाव लिहीत नाही, फक्त नंबर, म्हणजे हरवली तरी सापडणाऱ्याला कळू नये. एवढं सगळं करायचं आणि कुलूपच कुणाच्याही हाताला उघडायचं, मग त्या वहीचा कागद काय कामाचा.

खंडेनवमी झाल्यावर दुसऱ्या दिवशी दसरा, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आणि आमचा फिटर बसलो आणि प्रत्येक किल्ली बाकीच्या 13 कुलपांत घालून बघितली. 14 गुणिले 13, म्हणजे 182 वेळा, अडीच तास गेले, मोबाईलवर शूटिंग आहे, पाठवतेय. 4 आणि 9 एकमेकांना लागतात. 2 आणि 11 पण एकमेकांना लागतात. आणि 12 नंबरची किल्ली थोडी हलवली की 6 नंबरचं कुलूप उघडते, 6 ची मात्र 12 ला लागत नाही. 14 कुलपांत एवढं!

मग मिस्टरांनी 9 नंबरचं कुलूप ग्राइंडरनं कापलं. आमचं कामच मोजमापाचं, त्यामुळं अंदाजानं बोलत नाही. लिव्हर म्हणजे आतल्या पातळ पट्ट्या, स्प्रिंगवर बसलेल्या, किल्लीचा एकेक दात आपापली पट्टी नेमकी ठरलेल्या उंचीवर उचलतो, आणि सगळ्या पट्ट्यांच्या खाचा एका रेषेत आल्या की मगच खिट्टीचा खुंट आत सरकतो हे तुम्हाला मी सांगायला नको. 1778 साली इंग्लंडात रॉबर्ट बॅरननं हे लिव्हर कुलूप काढलं त्यातली खरी अक्कल हीच होती की पट्टी कमी उचलली तरी अडते आणि जास्त उचलली तरी अडते, त्याच्या आधी नुसती वर केली की झालं. आता तुमच्या कुलपात बघा, खुंट 2 मिमीचा आणि खाच 2.9 मिमीची. म्हणजे पट्टी जरा वर गेली, जरा खाली राहिली, तरी खुंट आत. अडीचशे वर्षांपूर्वी जे सुधारलं ते तुम्ही जवळजवळ परत बिघडवून ठेवलंय. आणि 7 पट्ट्यांपैकी 4 पट्ट्या एकाच उंचीच्या! दुसरं एक कुलूप कापलं त्यातही त्याच 4 जागी त्याच उंचीच्या पट्ट्या. म्हणजे कुलूप वेगळं करायचं काम फक्त 3 पट्ट्या करतात, बाकीच्या भरतीला.

माझा पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, त्यानं वहीवर हिशोब करून दाखवला. समजा एका पट्टीला 4 उंच्या धरल्या, तर 7 खऱ्या पट्ट्यांच्या कुलपात 16,384 वेगवेगळ्या किल्ल्या होऊ शकतात. 3 च पट्ट्या असतील तर फक्त 64. आणि 64 प्रकारच्या किल्ल्यांतनं 14 कुलपं डोळे झाकून उचलली तर त्यात निदान एक तरी जोडी जुळायची शक्यता चारात तीनपेक्षा जास्त. हे योगायोगानं आमच्याच नशिबाला आलं असं तुम्ही म्हणू नका, हे होणारच होतं. तुमच्या गिऱ्हाईकांत किती कारखाने, किती पतसंस्था, किती शाळांची ऑफिसं असतील, त्यांच्याकडं कुणी 182 वेळा किल्ली घालून बघितली नसेल.

आता तुमच्या कस्टमर केअरबद्दल. 3 वेळा फोन केला. पहिल्यांदा हिंदीत बोलले, दुसऱ्यांदा कर्नाटकातनं फोन आला म्हणून कन्नडमध्ये जोडून दिला, मला त्याचं काही नाही, आमच्याकडं अर्धी माणसं कुलूप म्हणतात, अर्धी बीग म्हणतात आणि उत्तरेकडची पोरं ताला म्हणतात, एकाच मशीनवर तिन्ही भाषा चालतात. पण उत्तर तिन्ही वेळा एकच, कुलूप उघडतंय बंद होतंय ना मॅडम, मग वॉरंटीत बसत नाही, वॉरंटी अडकलं किंवा गंजलं तरच. साहेब, उघडतंय हीच तर तक्रार आहे! आपल्या किल्लीनं उघडणं हे कुलपाचं अर्धंच काम, दुसऱ्या कुठल्याही किल्लीनं न उघडणं हे उरलेलं अर्धं, आणि पैसे आम्ही त्या उरलेल्या अर्ध्याचेच देतो.

तिसऱ्या वेळी ते म्हणाले, त्यापेक्षा आमचं डिजिटल लॉक घ्या. नको आम्हाला. इथं ग्राइंडिंगची धूळ, कास्टिंगची बारीक रेती, कूलंटचा वाफारा, पावसाळ्यात भिंती ओल्या, आणि लाईट कधी जाईल त्याचा नेम नाही. साध्या कुलपाला करंट लागत नाही, बॅटरी लागत नाही, पासवर्ड विसरत नाही, अंधारात हातानं चाचपून लावता येतं. ते खरोखर चांगलं केलेलं असेल तर वर्षानुवर्षं चालतं, सासऱ्यांनी लावलेलं एक पितळी कुलूप आमच्या मागच्या गेटला अजून आहे, वर्षातनं दोनदा ग्रॅफाइटची पूड घालतो, तेल घालत नाही कारण तेलाला धूळ चिकटते. मला साध्या कुलपाबद्दल तक्रार नाहीच, मला तेच पाहिजे, पण खरं पाहिजे.

आणि आमच्या बाजूनं काही राहिलंय असं पण म्हणू नका. कुलूप कितीही भारी असलं तरी कोयंडा हलका असला तर पहारीच्या एका दणक्यात सगळंच निघतं, हे आम्हाला माहीत आहे, म्हणून सगळ्या दारांचे कडी-कोयंडे जाड पत्र्याचे करून वेल्डिंग मारलंय, बोल्टचे नट आतल्या बाजूला. बाहेरच्या दोन दारांना तर कडी दिसूच नये, कटर घालायला जागा राहू नये म्हणून भोवती पेटी केलीय. एवढं करून चोराला पहार लागलीच नाही, किल्ली लागली.

एक गोष्ट अजून सांगायचीय, आणि ही मला इन्सर्टपेक्षा मोठी वाटते. ते 6 नंबरचं कुलूप प्रेसच्या मेन स्विचवर होतं. फिटर प्रेसमध्ये हात घालायच्या आधी मेन स्विच बंद करतो, त्यावर स्वतःचं कुलूप घालतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. त्याचं काम संपून तो स्वतः येऊन काढेपर्यंत ते कुलूप दुसऱ्या कुणी उघडायचं नाही, उघडताच येऊ नये. 12 नंबरची किल्ली पॅकिंगवाल्याकडं असते. त्यानं घाईत, चुकून, आपलंच कुलूप समजून ते काढलं असतं आणि स्विच वर केला असता तर? फिटरची बायको माझ्या ओळखीची आहे, तिला दोन लहान मुलं आहेत. त्या रात्री मला झोप लागली नाही. आता त्या स्विचसाठी दुसरं कुलूप आणलंय, शॉपमधल्या सगळ्या किल्ल्या त्यात घालून बघून मगच लावलं.

म्हणून आता माझं म्हणणं असं आहे. 14 च्या 14 कुलपांचे पैसे परत द्या, बदली कुलपं मला नकोत, आणि या मॉडेलमध्ये खरोखर वेगळ्या किल्ल्या किती होतात तो आकडा लेखी द्या. त्या बॅचची दुकानातली कुलपं परत मागवा. खोक्यावरचं 7 लिव्हर आणि किल्ली वेगळी हे दोन्ही खरं करा नाहीतर काढा. कापलेली 2 कुलपं पट्ट्यांसकट पिशवीत सील करून ठेवलीत, तुमचा माणूस येऊन बघू दे, चहा पाजीन, पण ती हातात देणार नाही. 15 दिवसांत उत्तर आलं नाही तर ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार नोंदवीन आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली इथं बेळगावच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जाईन, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी पण लागत नाही. कोर्टकचेरीची मला हौस नाही, मार्चपर्यंतच्या ऑर्डरी डोक्यावर आहेत.

आणि शेवटचं. मी मामांच्या घरी जाऊन माफी मागून आले, मिस्टर पण आले. मामा परत कामावर आलेत, किल्ली घेतात, वहीत सही करतात, पण आता किल्ली घेताना दरवेळी कुणाला तरी शेजारी उभं करून घेतात. मला ते बघवत नाही. तर तुमच्या कंपनीच्या लेटरहेडवर एक पत्र त्यांच्या नावानं पाठवा, की दोष कुलपात होता, एका किल्लीनं दुसरं उघडत होतं. त्यांचं नाव मी तुमचा फोन आला की सांगीन. पत्र मराठीत लिहा, मामांना कन्नड फाडफाड बोलता येतं पण वाचायला मराठीच येतं, आणि त्यांना ते घरी नेऊन सुनेकडनं वाचून न घेता स्वतः वाचायचंय.

आपली ग्राहक,
उद्यमबाग, बेळगाव

सोबत: बिलाचा फोटो, किल्ल्या घालून बघितल्याचं शूटिंग, कापलेल्या कुलपांचे फोटो