दसरा-दिवाळीला गावी येणाऱ्यांची साखर तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विट्यात माझे औषधाचे दुकान आहे. दसऱ्याला पालख्यांच्या शर्यतीसाठी आणि पुढे दिवाळीला गलाईचे (सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचे) काम करणारे लोक परराज्यांतून गावी आले, की मोबाइलवर जुन्या चिठ्ठीचा फोटो दाखवून तीन-चार महिन्यांच्या मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळ्यांच्या पट्ट्या मागणारे रोज येतात. चिठ्ठी दोन-दोन वर्षांपूर्वीची असते आणि मधल्या काळात रक्त कधी तपासले, हे बहुतेकांना सांगता येत नाही. गेल्या दसऱ्याला पन्नाशीचे एक गृहस्थ मलम मागायला आले होते. भट्टीतून मूस काढताना पायावर निखारा पडला होता आणि तो त्यांना कळला मोजा जळाल्याचा वास आल्यावर. जखम पाच आठवड्यांची होती. मी मलम न देता त्यांना डॉक्टरांकडे पाठवले. उपाशीपोटी साखर 280 निघाली. आपल्याला मधुमेह आहे, हे त्यांना त्या दिवशी प्रथम समजले.

गाव सोडून गेलेल्यांत मधुमेह वाढतो, हा काही केवळ माझ्या गल्ल्यावरचा अंदाज नाही. लखनौ, नागपूर, हैदराबाद व बंगळूरु येथील कारखान्यांत खेड्यांतून आलेले कामगार आणि मुख्यतः त्यांची गावीच राहिलेली भावंडे यांची तुलना करणारा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गावी राहिलेल्या पुरुषांत मधुमेहाचे प्रमाण 6.2 टक्के, तर स्थलांतरितांत 14.3 टक्के, म्हणजे मूळच्या शहरवासीयांइतकेच (13.5 टक्के) आढळले. एकाच घरात वाढलेल्या भावांत एवढे अंतर पडते, यातच सारे आले. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांतही हा आजार तेथील गोऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक दिसतो.

अंगाने बारीक माणसाला साखर होत नाही, ही आपल्याकडची समजूत तर फारच घातक आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांचा अभ्यास करून दाखवले, की आपली बाळे वजनाने कमी असूनही त्यांच्या अंगातील चरबी त्या मानाने जास्त असते. दुष्काळाने ज्या घरांना बाहेर काढले, त्या घरांतील मुले पंधराव्या-सोळाव्या वर्षी परमुलखात जातात, दिवसभर भट्टीपुढे बसून काम करतात, गोड चहावर वेळ मारून नेतात आणि रात्री दहानंतर जेवतात. अशा शरीरावर वीस वर्षांनी काय परिणाम होणार, हे वेगळे सांगायला नको.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची रक्तदाब व मधुमेहाची तपासणी व्हावी, असा शासनाचा कार्यक्रम आहे आणि आशाताई त्यासाठी मनापासून घरोघर फिरतात. मात्र त्या येतात तेव्हा घरात म्हातारे आईवडील असतात. कमावता मुलगा दीड हजार किलोमीटरवर असतो, आणि तिथल्या यादीत तो नसतोच. (आपल्या साखर कारखान्यांवर बीडहून येणाऱ्या ऊसतोड मजुरांचेही असेच होते, त्यांचे काम अंगमेहनतीचे असले, तरी तपासणीपासून तेही वंचितच राहतात.)

म्हणून तालुका आरोग्य विभागाला विनंती, की खानापूर, आटपाडी, कडेगाव या तालुक्यांत दसरा व दिवाळीच्या आठवड्यात सायंकाळी तपासणी शिबिरे घ्यावीत. त्यात तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी चाचणी आणि तळपायाच्या संवेदनेची तपासणी असावी, आणि निकालाचा कागद इंग्रजीत द्यावा, कारण मराठीतली नोंद कोइमतूरच्या डॉक्टरांना वाचता येत नाही. गलाई व्यावसायिकांच्या संघटना मंदिरे आणि शाळांसाठी सढळ हाताने देणग्या देतात. चाचणीच्या खर्चाचा काही भार त्यांनीही उचलावा. शिबिरात नोंदी करायला आणि माहिती द्यायला मी स्वतः दोन्ही आठवडे रोज सायंकाळी दुकान बंद ठेवून यायला तयार आहे.

आपला,
एक औषधविक्रेता, विटा (जि. सांगली)