मावशी, तुम्ही बी धरायला शिकवलंत

वसईच्या मावशींना सप्रेम नमस्कार,

बोरिवली स्टेशनबाहेर तुमच्याकडून भाजी घेणारी मी. तुमची सूनबाई मोबाइलवर हे वाचून दाखवेल, म्हणून सगळ्यांसमोरच आभार मानते.

तुम्ही दिलेल्या गावठी भेंडीचं बी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर छान रुजलं. यंदा त्या झाडांच्याच बियांची रोपं फळाला आली आहेत. बाजारातल्या भेंडीला बहुधा पाच शिरा असतात. हिला कुठे सात, कुठे आठ. चव तर विचारूच नका!

बी धरायचं कसं, हे मात्र तुम्ही गिऱ्हाइकं खोळंबलेली असताना समजावलंत. भेंडीचं फूल सकाळी उमलतं, एका दिवसात कोमेजतं. फळ धरायला त्याला दुसऱ्या झाडाची गरज नसते, पण मधमाश्या शेजारच्या कुंडीतल्या संकरित भेंडीचे पराग आणून सरमिसळ करू शकतात. म्हणून आदल्या संध्याकाळी कळीला मलमलीची पिशवी बांधायची. मेथीच्या जुडीचा दोरा सोडून तुम्ही स्वतःच्या अंगठ्यालाच गाठ मारून दाखवलीत: घट्ट नको, देठ कापेल.

आणि म्हणालात, "एकाच झाडाचं बी धरू नको, पोरी. आठ-दहा झाडांचं थोडं थोडं घे." लवकर फळणारं, उशिरा फळणारं, बुटकं, उंच, सगळ्यांचं. हे मला फार मोलाचं वाटतं. दरवर्षी एकाच देखण्या झाडाचं बी धरलं तर सगळी रोपं एका साच्यातली होत जातात, आणि रोग आला की सगळीच एकदम बसतात. यंदा पांढऱ्या माशीमुळे केवडा रोग आला, बरीच पानं पिवळी पडली. तीन-चार रोपं मात्र हिरवीगार राहिली. त्यांच्या शेंगा झाडावरच जून करून, तडकण्याआधी दोऱ्याने बांधल्या आहेत. मुंबईच्या दमट हवेत बी टिकावं म्हणून सावलीत वाळवून, राख लावून, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवणार आहे.

आपलं बी राखायचा, वाटायचा, ब्रँड न लावता विकायचाही हक्क २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला दिला आहे. तरी तुम्ही एक पैसा घेतला नाहीत.

दिवाळीनंतर या हिरव्या राहिलेल्या रोपांचं बी घेऊन येते. तुमच्या वाडीतही लावून बघा.

तुमची,
बोरिवलीची पोरगी