आमच्या चॅपलचं छत आणि अण्णांसाठी एक काम

प्रिय मंगे,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला, एकदा बसमध्ये, एकदा भाजी चिरताना आणि एकदा उगाच. "काय गं, पडलं का तुझं चर्च?" असं विचारतेस आणि वर खिदळतेस. नाही पडलं बाई. पण सांगण्यासारखं एवढं साठलंय की मेसेजमध्ये मावणार नाही, म्हणून आज सुट्टी आहे तर बसलेय लिहायला, तू चहा घेऊन बस.

आधी तुझा घोळ मिटवते. तू चर्च म्हटलंस की तुझ्या डोळ्यासमोर शिनेमातलं येतं, उंच मनोरा, रंगीत काचा, घंटा. आमच्याकडे यातलं काही नाही. इथे इंग्लंडात, केटरिंग शहरापासून जवळच्या छोट्या गावात, चिप्सच्या दुकानाशेजारी एक विटांची सरळसोट इमारत आहे, जिल्हा परिषदेची शाळा म्हणून खपेल अशी, तेच आमचं बॅप्टिस्ट चॅपल. मूर्ती नाही, मेणबत्त्या नाहीत, मधोमध लाकडी पुलपिट, म्हणजे उपदेश करायचा ओटा, आणि मागे गीतांचे नंबर लावायची पाटी, बास. ही माणसं मुळात सरकारी चर्च सोडून बाहेर पडलेली, १६८९ च्या कायद्यानंतर कुठे यांना उघडपणे जमायची परवानगी मिळाली, त्यामुळे थाटमाट यांच्या रक्तातच नाही. नगरला आमच्या चर्चमध्ये पेटी-तबल्यावर ना. वा. टिळकांची भजनं म्हणत वाढलेली मी, पहिल्या रविवारी इथे बसले तेव्हा वाटलं चुकून एखाद्या सोसायटीच्या मीटिंगला आलोय. सभासद एकोणीस. त्यातले दोन घरीच असतात, आजारी. रविवारी पंचवीस डोकी आली की आमचे खजिनदार आजोबा दारात उभे राहून पुन्हा एकदा मोजतात.

आजोबा मी मनातल्या मनात म्हणते हं. इथे ऐंशी वर्षांच्या माणसालाही नुसत्या नावाने हाक मारायची, माझी जीभ काही वळेना, शेवटी मी नावाआधी 'मिस्टर' लावायला लागले, तर आता सगळेच त्यांना चेष्टेने मिस्टर म्हणतात.

तर छत. छताला इथे स्लेट आहे, म्हणजे आपल्या शाळेतली पाटी आठवते ना, तोच दगड, वेल्सच्या खाणीतला. दगडाला काही झालेलं नाही, अजून शंभर वर्षं टिकेल म्हणाला शिडीवरचा माणूस, पण ज्या खिळ्यांवर तो लटकलाय ते खिळे गंजून बारीक झालेत, त्याला ते चक्क नेल सिकनेस म्हणतात, खिळ्यांचा आजार. वारा सुटला की एखादी पाटी सरकते, घसरत पन्हळीत येऊन अडकते, आणि मग पाणी बरोबर आत. एक पाटी परत लावायला माणूस वर चढला की त्याच्या वजनाने शेजारच्या दोन हलतात. त्यामुळे आता कोणी वर चढतच नाही, आम्ही खालूनच सांभाळतो, बादल्या लावून. गॅलरीत तीन, मागच्या छोट्या खोलीत एक, आणि पियानोजवळ आइस्क्रीमचा रिकामा डबा. नोटीस बोर्डावर फुलांचा रोटा (कोणाची पाळी कधी, त्याचा तक्ता) आहे, चहाचा रोटा आहे आणि त्याखाली कोणीतरी पेन्सिलने लिहिलंय, बादल्या. आधी ती गंमत होती, आता खरोखर नावं आहेत, महिन्यातला दुसरा आणि चौथा आठवडा माझा.

या बादल्यांचं एक शास्त्र आहे, तुला सांगते. रिकाम्या बादलीत थेंब पडला की टप्प आवाज येतो आणि तो नेमका प्रार्थनेच्या शांततेत येतो. आमच्या इथल्या एक बाई, त्यांचं लग्न याच चॅपलमध्ये झालं, नवऱ्याचा अंत्यविधीही इथेच, त्या जुन्या टॉवेलची घडी करून बादलीच्या तळाशी घालतात. टॉवेल भिजला की थेंब त्याच्यावर गुपचूप पडतो. भक्ती सुरू व्हायच्या आधी त्या हातात टॉवेल घेऊन गॅलरीचा जिना चढतात, गुडघे दुखतात, मधे एकदा थांबतात, मी घेते म्हटलं तर देत नाहीत. मला घडी नीट येत नाही म्हणे. खरंच येत नाही, मी घातली की आवाज येतो.

ओलीची दुसरी भानगड भिंतींची. चाळीसेक वर्षांपूर्वी कोणीतरी भलं करायला गेलं आणि बाहेरून विटांच्या सांध्यांतला जुना चुना खरवडून सिमेंट भरलं. सिमेंट पाणी बाहेर सोडत नाही गं, आतल्या आत कोंडतं, मग वीट सडते आणि आतल्या प्लास्टरला फुगवटे येतात. हे इंजिनियरकडून ऐकताना मला अण्णांची आठवण आली. तुमच्या वाड्याच्या मागच्या भिंतीला त्यांनी सिमेंट लावू दिलं नव्हतं, चुनाच पाहिजे म्हणून अडून बसले होते, आणि आपण दोघी त्यांना काय काय बोललो होतो. त्यांना सांग, इंग्लंडातला इंजिनियर शब्दन् शब्द तेच बोलला. आणि पैसे घेतले.

आता खरी कथा, बाप्तिस्म्याची. तुला माहितीये मी तीन महिन्यांची असताना नगरला माझा बाप्तिस्मा झाला, पाळकसाहेबांनी कपाळावर पाणी शिंपडलं, मी म्हणे भोकाड पसरलं. बॅप्टिस्ट लोकांना हे पटत नाही, यांचं म्हणणं, स्वतःला कळतंय, स्वतः कबूल करतोय, अशाच माणसाचा बाप्तिस्मा, आणि तोही पूर्ण पाण्यात बुडवून. त्यासाठी पुलपिटच्या समोरच्या फळ्या उचलल्या की खाली चक्क हौद आहे! मी दोन वर्षं त्याच फळ्यांवर उभी राहून वाचन करत होते आणि मला पत्ता नव्हता.

या मे महिन्यात माझ्याच केअर होममधल्या एका नायजेरियन मुलीचा बाप्तिस्मा ठरला. हौद सहा वर्षं उघडला नव्हता. शनिवारी दुपारी फळ्या काढल्या, आत कोळ्याची जाळी, एक प्लास्टिकचा देवदूत, ख्रिसमसच्या नाटकातला असणार, आणि कोणाचा तरी कवळीचा डबा, रिकामा, देवाची कृपा. घासून धुतलं, स्वयंपाकघरातल्या नळाला बागेचा पाइप जोडला आणि भरायला लावलं. भरता भरता संध्याकाळ. पाणी असलं गार की बोटं बधिर. मग आमचं डोकं चाललं, चहाची मोठी भांडी तापवून ओतायला लागलो, पंधरावीस वेळा ओतली असतील, दर्यामे खसखस. शेवटी नाद सोडला आणि घरी गेलो.

रविवारी सकाळी साडेआठला माझ्याकडे किल्ली. दार उघडून बघते तर पाणी छातीएवढं होतं ते गुडघ्यावर आलेलं! हौदाची कुठली तरी फरशी तडकलेली, रात्रभर पाणी झिरपत झिरपत खालच्या तळघरात, आणि तळघरात कोण, तर आमचा बॉयलर. तो बिचारा भिजून बंद. म्हणजे पाणी नाही, हीटिंग नाही आणि साडेदहाला त्या मुलीचे नातेवाईक बर्मिंगहॅमहून दोन गाड्या भरून येणार. मी तिथल्या पायरीवर बसले आणि मला हसूच फुटलं, रडायचं ते हसू.

परत पाइप लावला. दोन तासांत जेवढं भरलं तेवढं भरलं, मांडीपर्यंत आलं असेल. नातेवाईक आले, बायका काय नटलेल्या, डोक्यावर ते मोठ्ठे कडक फेटे, आमच्या राखाडी कोटांच्या गर्दीत एकदम बहावा फुलल्यासारखं. ती मुलगी खाली उतरली, पाण्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि गुडघ्यांवर बसली. एवढंच. गुडघ्यांवर बसल्यावर पाणी बरोबर छातीशी आलं. तिला मागे वाकवून बुडवलं, वर आली तेव्हा दात कडकडा वाजत होते आणि तिच्या आईने जो काही आवाज काढून गाणं सुरू केलं ना मंगे, त्या इमारतीत असा आवाज मी कधी ऐकला नव्हता, प्लास्टरचा एक पोपडा पडला, खोटं नाही सांगत. नंतर मागच्या खोलीत तिचे कपडे पिळायला मीच होते, माझे हात लाल झाले होते आणि ती विचारतेय, "आंटी, तुझा कधी?"

माझा नाही. माझा झालाय, मी तिला सांगितलं, तीन महिन्यांची असताना, रडून. इथे सगळ्याच बॅप्टिस्ट मंडळ्या एकसारख्या नसतात, काही ठिकाणी बुडवून घेतल्याशिवाय सभासद करत नाहीत, आमच्याकडे विश्वास कबूल केला की घेतात. मला घेताना दोघं घरी येऊन बोलून गेली, मग सभेत हात वर करून मत झालं, मी बाहेर कॉरिडॉरमध्ये कोटांच्या खुंट्यांपाशी उभी, दहावीच्या निकालासारखं पोटात गोळा.

कारण यांच्यात बिशप नाही, वरून हुकूम नाही, सभासदांची सभा ठरवेल ते. पाळक असला तरी कारभार सभेचाच, आणि आमच्याकडे तर सध्या पाळकच नाही, होते ते रिटायर झाले, पूर्णवेळ पाळकाचा पगार परवडत नाही, म्हणून दर रविवारी कोणी ना कोणी बाहेरून येऊन उपदेश करतं. कोणी छान बोलतं, कोणी पंचेचाळीस मिनिटं. असो.

तर छताची सभा झाली, गेल्या महिन्यात. दुरुस्तीचा खर्च आमच्या बँकेतल्या शिलकीच्या तिप्पट. एका बाजूचं म्हणणं, विकून टाकू, शाळेचा हॉल भाड्याने घेऊ, प्रभूला काय छत लागतं का. इथे जुन्या चॅपलांचे बंगले होतात, कुठे गालिच्याचं दुकान होतं, आणि विकलं तरी पैसे काही आपल्या खिशात येत नाहीत, इमारत ट्रस्टच्या नावावर असते. दुसऱ्या बाजूला ती टॉवेलवाली बाई असेल असं मला वाटलं होतं, तर नाही! ती उठून म्हणाली, विका, मला आता जिना चढवत नाही. मी चाट. आमच्यातले एक म्हातारे चाळीस वर्षं बुटाच्या कारखान्यात होते (हा सगळा भागच बूट बनवणाऱ्यांचा), ते म्हणाले, तळवा गेला म्हणून कोणी बूट फेकत नाही, वरचं चामडं बघायचं. लगेच खजिनदार म्हणाले, चामडं मीच बघतोय रोज, तेही गेलंय. सगळे हसले, मग कोणीतरी जुनं मिनिट बुक, म्हणजे सभेच्या नोंदींची वही, काढलं, शंभर वर्षांपूर्वीचं, सुंदर वळणदार अक्षर, आणि त्यात काय लिहिलंय, तर गॅलरीत पाणी गळतं, विषय पुढच्या सभेवर ढकलला. पुढच्या सभेत त्याचा उल्लेखच नाही.

मतदान झालं, अकरा विरुद्ध पाच. जास्त गळणारी एक बाजू आधी करायची, बाकीच्यासाठी ग्रँटचे अर्ज करायचे. अकरात माझा हात होता. खरं सांगू, मी फार विचार करून वर केला नाही, मला फक्त तो शाळेचा हॉल डोळ्यासमोर आला, बास्केटबॉलच्या पट्ट्या आखलेला, आणि नको वाटलं. पुढच्या रविवारी पाऊस होता, मी साडेनऊला गेले तर बाई जिन्यात मधे थांबलेल्या, हातात टॉवेल. म्हणाल्या, अजून शिडी लागलेली नाही ना.

आता तुझं काम. म्हणजे अण्णांचं.

तुला विल्यम केरी माहितीये? शाळेत कुठेतरी नाव आलं असेल, श्रीरामपूरचे, आपलं नगरजवळचं नव्हे, बंगालमधलं. तो इथलाच. शेजारच्या मोल्टन गावात चपला-बूट शिवायचा, शाळा चालवायचा आणि तिथल्या बॅप्टिस्ट चॅपलचा पाळक होता, त्याचं घर अजून आहे. १७९२ साली केटरिंगमध्ये एका विधवा बाईच्या घरी दहाबारा माणसं जमून मिशन सोसायटी काढली आणि तिथल्या तिथे वर्गणी कबूल झाली तेरा पौंड, दोन शिलिंग, सहा पेन्स. पुढच्या वर्षी हा हिंदुस्थानात गेला तो परत आलाच नाही, १८३४ ला तिथेच वारला. आमच्या चॅपलमध्ये त्याचं चित्र आहे आणि सगळ्यांना वाटतं त्याने बंगाली शिकून बायबल केलं, संपलं. एकदा चहाच्या वेळी मी बिस्किट बुडवता बुडवता सहज म्हटलं, त्याने माझ्या भाषेचं व्याकरण लिहिलंय, १८०५ साली, कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात साहेबांना मराठी शिकवायचा, वैजनाथ पंडितांना हाताशी धरून, आणि १८१० ला कोश छापला तोही मोडी अक्षरांत. माझं बिस्किट तेवढ्यात कपात पडलं. बूटवाले आजोबा माझ्याकडे बघतच राहिले, म्हणाले, म्हणजे मोल्टनच्या चांभाराने तुझी भाषा शिकवली? मी म्हटलं शिकवली नाही, शिकला. त्यावर दोन मिनिटं कोणी बोललं नाही, मग त्यांनी मला मोडी कशी दिसते विचारलं आणि मला एक अक्षर काढता येईना, लाज वाटली.

तर अण्णांना एवढं सांग. त्यांनी भूमी अभिलेखमध्ये जन्म काढला, २०२३ ला कुणबी नोंदींच्या वेळी मोडी वाचायला लोक दारात रांग लावून होते तेव्हा केवढा भाव खाल्ला त्यांनी, आता जरा माझ्यासाठी खावा. तेविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ, परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, एवढीच, मोडीत, बोरूने, जाड कागदावर. फोटो नको, कागदच पाठव. फ्रेम मी करून घेईन, बूटवाल्या आजोबांनी लाकूड आणूनही ठेवलंय. मागच्या छोट्या खोलीत लावायची आहे, बादलीच्या वरच्या भिंतीवर, जिथे प्लास्टर पिवळं पडलंय.

अक्षर मोठं काढायला सांग. डाग बराच मोठा आहे.

तुझी,
शालू