पोटावर पडायचं न्हाई : वस्तादांना जाहीर आभारपत्र

आदरणीय वस्ताद यांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

समोर बसून आभार मानले असते तर "बरं बरं, जोर मार आता" म्हणून तुम्ही विषय संपवला असता. म्हणून लिहितोय, आणि सगळ्यांना वाचता यावं असं लिहितोय. 43 व्या वर्षी पहिल्यांदा एमएमएच्या (मिक्स्ड मार्शल आर्ट्स) केजमध्ये, म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात, उतरलेल्या माणसाला लाल मातीतल्या, सत्तरी ओलांडलेल्या एका वस्तादाने तयार केलं, हे कोल्हापूरला कळायला हवं. नातू वाचून दाखवेल. मध्येच उठून जाऊ नका.

मी पहिल्यांदा तालमीच्या दारात आलो तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, "त्यात पट काढता येतो का?" पट म्हणजे पाय धरून पाडणं. मी म्हटलं, येतो. ठोसे आहेत, लाथा आहेत, उचलून आपटणं आहे, खाली गेल्यावर गळा आवळणं आणि हात मुरगाळणंही आहे. "मग उद्या पहाटे ये." या वयात हे कशाला, असं घरच्यांनी विचारलं, कॉलेजातल्या सहकाऱ्यांनी विचारलं, ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट लिहून देताना डॉक्टरांनीही विचारलं. तुम्ही आजतागायत विचारलं नाहीत. त्याचे आभार सर्वांत आधी.

जिममध्ये माझे हात-पाय बरे चालायचे. ठोसे, लाथा, थोडं जिउ-जित्सू (जमिनीवरच्या पकडी), एवढी तयारी तिथल्या सरांनी करून घेतली होती. पण स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, वीस-बावीस वर्षांची पोरं आत घुसून कंबर धरायची आणि पुढच्या क्षणी मी छताकडे बघत असायचो. या खेळात लढत उभ्याने चालणार की जमिनीवर, हे ज्याला कुस्ती येते तो ठरवतो. दुसऱ्याने फक्त ते सोसायचं. हे उमगलं तेव्हा कोल्हापुरात राहून कुस्ती शिकायला आणखी कुठे जायचं, असा प्रश्नच उरला नाही.

तुम्ही मला आधी कुस्ती दिलीच नाही, फावडं दिलंत. रोज आखाडा उकरायचा. ताक, हळद, तेल, लिंबू जिरवलेली ती माती वरून मऊ दिसते, पण ती खालून वर आणताना खांदे, पाठ, कंबर सगळं बोलतं. जिममध्ये मी वॉर्मअप म्हणून दोरीवरच्या उड्या मारायचो आणि पोटऱ्या धरून बसायचो. तुमच्या फावड्याने अंग तापायचं आणि सांध्यांवर घाव पडायचा नाही. चाळिशीनंतरही स्नायू तसे लवकर तयार होतात, पण त्यांना हाडाशी बांधून ठेवणाऱ्या कंडरा फार सावकाश तयार होतात, हे मला पुढे फिजिओथेरपिस्टने समजावलं. तुम्ही ते माझी चाल बघून ओळखलं होतंत. "दम आलाय, पर सांधं अजून आलं न्हाईत," म्हणायचात आणि लढतीऐवजी नुसत्या बैठका लावायचात. आठवड्यातून दोनदाच अंगाला झोंबणारी मेहनत, बाकीचे दिवस जोर, मानेचा व्यायाम, दोरावर चढणं. डोक्यावर मार खाण्याचं स्पारिंग कमीत कमी ठेवायचं, हे जिममधल्या सरांना सांगायलाही तुम्हीच लावलंत, आणि त्यांनी ते मान्य केलं. तयारीत मी एकदाही मोठा जखमी झालो नाही, त्याचं कारण हे.

वजनाचंही तसंच. 70.3 किलोच्या गटात बसण्यासाठी पाणी तोडून, घाम काढून शेवटच्या दिवसांत किलोंनी खाली यायचं, ही पोरांची पद्धत. तुम्ही काकूंना सांगून माझी थंडाई अर्धी केलीत, तूप बंद केलंत आणि म्हणालात, भाकरी मोजून खा, पाणी मोजायचं न्हाई. वजनाच्या सकाळी मी पोटभर पाणी पिऊन काट्यावर उभा होतो.

पण हे पत्र खरं तर एका वेगळ्याच गोष्टीसाठी आहे.

मातीच्या कुस्तीत चित व्हायचं नाही, हा पहिला आणि शेवटचा धर्म. दोन्ही खांदे टेकले की निकाल. त्यामुळे खाली सापडलेला पैलवान पालथा होतो, छाती मातीला चिकटवतो, हात-पाय रोवतो आणि वरचा घिस्सा मारू दे नाहीतर सवारी भरू दे, असले उलटवायचे डाव लावू दे, हलत नाही. ती त्याची सुरक्षित जागा. तुमच्या तालमीत पोराला सगळ्यांत आधी तेच शिकवतात, मलाही तेच शिकवलंत. मी ते जिममध्ये घेऊन गेलो आणि पालथा पडलो की दर वेळी कोणीतरी पाठीवर बसून मागून गळ्यात हात घालायचा. एमएमएत पाठ टेकली म्हणून कोणी हरत नाही. पाठ देतो तो हरतो. पालथ्या माणसाला ठोसा दिसत नाही, गळ्याखाली शिरणारा हात दिसत नाही, आणि त्याला उलट मारता तर येतच नाही.

मी हे तुम्हाला सांगितलं तेव्हा भीत भीतच सांगितलं. साठ वर्षं तुम्ही ज्या जागेला आसरा म्हणत आलात, ती जागा इथे सापळा आहे, हे वस्तादाला कोणत्या तोंडाने सांगायचं? तुम्ही काहीच बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिमच्या जिन्यावरून धोतर सावरत वर आलात आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलात. पोरांची सगळी स्पारिंग संपेपर्यंत बसलात. सरांना विचारलंत, हा हात इथनं का गेला, तो पाय तिथं का अडकवला. मग कितीतरी संध्याकाळी येत राहिलात.

आणि एका पहाटे हौद्यात, म्हणजे आखाड्याच्या मातीत, तालमीतल्या सगळ्या पोरांसमोर, मला म्हणालात, "तुझ्या खेळात पोटावर पडायचं न्हाई. मी शिकवलं ते इसर."

वस्ताद, मी अनेक शिक्षक पाहिलेत. मी स्वतः प्रयोगशाळेत मुलांना शिकवतो. आपण आयुष्यभर शिकवलेली गोष्ट इथे लागू नाही असं स्वतःच्या पठ्ठ्यांसमोर म्हणणारा माणूस मी त्या दिवशी पाहिला. त्यानंतर तुम्ही माझ्यासाठी नवीन घडण केलीत. खाली सापडलो तर आधी गुडघ्यावर, मग एक हात मागे टेकून कूस बदलायची आणि समोरच्याकडे तोंड करून उठायचं. मातीत हे कोणी करत नाही, कारण कूस बदलताना खांदा क्षणभर टेकतो. तुम्ही मला तो टेकवायला शिकवलंत.

पटाचंही तेच. मातीत पट काढताना डोकं खाली गेलं तरी फारसं बिघडत नाही. केजमध्ये मान खाली दिली की समोरचा ती काखेत धरतो आणि गिलोटीन, म्हणजे पुढून गळा आवळायचा डाव, लावतो. आपल्या मुंबईचा भरत खंडारे कुस्तीतून वर आलेला, यूएफसी या एमएमएच्या मोठ्या अमेरिकी स्पर्धेत उतरलेला भारतातला पहिला लढवय्या. नोव्हेंबर 2017 मध्ये शांघायला चीनच्या सोंग यादोंगने त्याला पहिल्याच फेरीत गिलोटीननेच हरवलं. ती लढत मी तुम्हाला फोनवर दाखवली. तुम्ही ती पुन्हा पुन्हा लावायला सांगितलीत आणि मग माझा पट बदललात. मान ताठ, नजर वर, कान त्याच्या बरगडीला चिकटलेला, आणि पाय धरून थांबायचं नाही, धरल्याबरोबर बाजूला वळायचं.

त्याच संध्याकाळी तुम्ही खाशाबा जाधवांचं सांगितलंत. गोळेश्वरचा मातीतला गडी, 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवर उतरला आणि सहावा आला. गादीचे नियम वेगळे, पकडी वेगळ्या. तरी ते चार वर्षांनी हेलसिंकीत 57 किलो गटात कांस्यपदक घेऊन आले. "मातीनं त्यास्नी अडवलं न्हाई, मातीनंच नेलं," असं म्हणालात. मला धीर द्यायला म्हणालात हे मला कळत होतं, तरी तो धीर मला पुरला.

लढतीचं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत, म्हणून फार लिहीत नाही. तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. नियम हौशींचे, कोपर नाही, डोक्याला गुडघा नाही, नडगीला पॅड. समोरचा माझ्याहून बराच तरुण. पहिली फेरी त्याची. दुसरीत मी दोनदा पट काढला, मान धरायला त्याचे हात आले आणि रिकामे गेले. तिसरीत त्याने मला उचलून टाकलं. अंग आपसूक पालथं व्हायला निघालं होतं. तेवढ्यात जाळीपलीकडून तुमचा आवाज आला आणि मी कूस बदलली, खांदा टेकला, उठलो. पंचांनी लढत त्याला दिली, दोन विरुद्ध एक. बरोबर दिली. पण शेवटची घंटा झाली तेव्हा मी उभा होतो, समोर तोंड करून.

काकूंचेही आभार. पहाटेच्या दुधाचे, आणि "ह्यांच्या नादाला लागून हाडं मोडून घेऊ नकोस" असं रोज म्हणूनही कधी दार बंद न केल्याबद्दल.

आता एक विनंती. जिममधली दोघं पोरं तालमीत यायचं म्हणतात. दोघांचे हात उत्तम आहेत, पाय कच्चे आहेत, आणि पहाटे उठायची तयारी आहे. खुराक ते स्वतःचा आणतील. तुमच्या तालमीतल्या एक-दोघांना ठोसे चुकवायला शिकायचं असेल तर सरही हवं तेव्हा यायला तयार आहेत, त्यांनी मला तसं सांगायला सांगितलंय. सोमवारी पहाटे त्या दोघांना घेऊन येतो. नको असेल तर नातवाकडून निरोप पाठवा. निरोप नाही आला तर आणखी दोन फावडी मी येताना घेऊन येईन.

आपला पठ्ठा