मलप्रभेच्या खोऱ्यात सायकल न्यायची तर सुगी उरकल्यावर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून लागला की बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्यावर गिअरच्या सायकली दिसू लागतात आणि वर्तमानपत्रांतून धुक्यातले फोटो. डांबरी रस्त्यावरून कोणी भिजत फिरणार असेल तर आमची काही हरकत नाही. पण आता हीच मंडळी नदीकाठच्या पाणंदींत आणि शिवारातल्या गाडीवाटांवर माउंटन बाईक घालू लागली आहेत, म्हणून हे पत्र. मलप्रभेचे खोरे सायकलने पाहावे ते भातकापणी उरकल्यावर, म्हणजे दिवाळी झाल्यापासून फेब्रुवारीपर्यंत. याचे कारण इथल्या मातीत आहे.

मलप्रभा कणकुंबीला सुमारे ७९० मीटर उंचीवर उगम पावते आणि ३०० किलोमीटरच्या आसपास वाहत जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते. तिथली उंची ४८८ मीटर. त्यातला निम्म्याच्या आसपास उतार खानापूर येईतोच संपतो. पुढे नदी संथ, खोरे रुंद, चढ किरकोळ. म्हणजे इथे दम लागतो तो चढाने नव्हे, जमिनीने. वरच्या अंगाला जांभा आणि तांबडी चिकण माती, त्यावर कणकुंबीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. खानापूरची कौले, विटा आणि कुंभारकाम नावाजले ते याच मातीमुळे. जी माती चाकावर घडते ती सायकलच्या चाकालाही सोडत नाही.

ओल्या पाणंदीत होते ते असे. २.२५ इंची टायर आणि मागच्या फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना जेमतेम सहा-सात मिलिमीटर फट असते. शे-दोनशे पावलांत ती मातीने आणि गवताच्या काड्यांनी भरते. चाक जड होते, आणि नवखा माणूस अशा वेळी पॅडल जोरात मारतो. तिथेच घात होतो. डिरेलरच्या, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या मागच्या यंत्राच्या, चाकांत अडकलेल्या काड्या चेन ओढून धरतात, डिरेलर मागे वळून स्पोकमध्ये जातो आणि हँगर, म्हणजे त्याला फ्रेमशी जोडणारा छोटा तुकडा, मोडतो. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. तो बेळगावातही हटकून मिळेलच असे नाही, खानापुरात तर नावच घेऊ नका. तेव्हा आपल्या फ्रेमचा एक जादा हँगर, तो बसवायची अॅलन की आणि चेनचे क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) पिशवीत असलेच पाहिजे, मोसम कोणताही असो. चाक जड वाटले की पॅडल थांबवावे, उतरावे, काटकीने माती काढावी आणि कडेच्या गवतावरून सायकल ढकलत न्यावी.

सायकलचे नुकसान एक वेळ सोसेल. पाणंदीचे काय? पावसात टायरने पाडलेली चाकोरी ही पाण्याला आयती वाट असते. दोन-चार सरींत तिची चर होते, मग शेतकऱ्याच्या बैलगाडीचे चाक तीत उतरते. रोपलावणीच्या दिवसांत बांधावरून सायकल नेली तर बांध खचतो आणि खाचरातले पाणी निघून जाते. बांध पुन्हा घालायला माणूस लागतो आणि त्या दिवसांत माणूस मिळत नाही. शेतकरी रागावले तर नवल ते काय?

सुगीनंतर हीच जमीन कडक होते. मग अडचण दुसरी. पावसात ट्रॅक्टर-ट्रॉलीने पाडलेल्या चाकोऱ्या वाळून विटेसारख्या घट्ट झालेल्या असतात, काही ठिकाणी वीतभर खोल. पुढचे चाक एकदा आत गेले की तिरके वळवून बाहेर काढायचा प्रयत्न करू नये, कडेला घासून ते आडवे होते आणि स्वार पुढे फेकला जातो. आत आहोत तर आतच राहावे, नजर पाच-सहा मीटर पुढे ठेवावी, पॅडल आडवी ठेवावीत म्हणजे कडेवर आपटत नाहीत. बाहेर पडायचे तर वेग कमी करून पुढचे चाक उचलून, शक्य तेवढ्या काटकोनात. जमत नसेल तर उतरावे, त्यात कमीपणा नाही.

टायरमधल्या हवेबद्दल दुकानदार जे सांगतात ते बहुधा शहरापुरते खरे. चाळीस-पंचेचाळीस पीएसआय भरून जांभ्यावर गेलात तर चाक खड्यावरून उडत राहते आणि दुपारपर्यंत मनगटे भरून येतात. सत्तर किलोच्या माणसाला २.२५ इंची टायरमध्ये ट्यूब असेल तर पुढे २६ आणि मागे २९ पीएसआयच्या आसपास ठीक पडते. ट्यूबलेसला २० ते २३. ट्यूब असताना याहून खाली जाऊ नये. जांभ्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चेपते आणि शेजारी शेजारी दोन छिद्रे पडतात. बाभळीच्या आणि बोरीच्या काट्यांना मात्र ट्यूबलेसच बरे, चाकाला ८० ते १०० मिलिलिटर सीलंट, म्हणजे छिद्र आपोआप बुजवणारा द्रव, घालून. आपल्याकडच्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत सुकते, म्हणून दिवाळीत घातलेले संक्रांतीनंतर टायरची एक कड उघडून पाहावे. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून फडके फिरवल्याशिवाय नवी ट्यूब घालू नये. मोडलेला काटा आतच राहिलेला असतो आणि फर्लांगभरात पुन्हा चाक बसते. जांभ्याने टायरची बाजू कापली गेली तर आतून जुन्या टायरचा चार बोटांचा तुकडा लावावा, घरापर्यंत येता येते.

गावोगावच्या पंक्चरच्या दुकानांत कॉम्प्रेसर असतो, पण तो मोटारसायकलच्या व्हॉल्व्हचा. महागड्या सायकलींना बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह येतो, त्याला ती नळी बसत नाही. चिमूटभर आकाराचा पितळी अडॅप्टर दहा-वीस रुपयांत मिळतो, तो व्हॉल्व्हवरच लावून ठेवावा. पन्नास-साठ हजारांची सायकल आणि अडॅप्टर नाही म्हणून टेम्पोची वाट पाहत बसलेले पाहुणे दर हिवाळ्यात भेटतात.

चेनला या दिवसांत घट्ट तेल नको. तांबडी धूळ त्यात मिसळली की तिचा पॉलिश पेपर होतो. मेणाचे किंवा कोरडे तेल थेंब थेंब घालून, पुसून मग निघावे. अकरा-बारा गिअरची चेन ०.५ टक्के ताणली की बदलावी, जुन्या नऊ-दहा गिअरला ०.७५ पर्यंत चालते. त्यापुढे मागची कॅसेट, म्हणजे दातेरी चक्रांचा संच, खाल्ली जाते आणि खर्च चौपट होतो.

आता वाट. कणकुंबीत माउलीचे देऊळ आणि उगम पाहून जांबोटीकडे उतरायचे. हा बेळगाव-चोर्ला रस्ता गोव्याच्या वाहनांचा आहे, तेव्हा सकाळी लवकर, एकेरी ओळीने, मागे लाल दिवा लावून. भीमगडाचा मोह मात्र आवरावा. २०११ पासून ते अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जाता येत नाही आणि सायकलचा तर प्रश्नच नाही. जांबोटीच्या आसपास हब्बनहट्टीला नदीपात्रातच स्वयंभू मारुती आहे. पावसाळ्यात तो पाण्याखाली असतो, हिवाळ्यात खडकावरून पायी जाता येते. सायकल वर काठावरच ठेवावी, शेवाळलेल्या खडकावर टायर काही कामाचा नाही.

तिथून खानापूरपर्यंत नदीच्या अंगाने गाडीवाटा जोडत येता येते. कुठली वाट चालू आहे आणि कुठे कुंपण पडले आहे हे नकाशापेक्षा रानातल्या माणसाला विचारलेले बरे. "मामा, ही वाट पलीकडे निघते काय?" एवढे पुरते. डुकरे आणि गवे येतात म्हणून अनेकांनी शेताला विजेच्या झटक्याची तार ओढली आहे. ती बारीक असते, संध्याकाळी दिसत नाही. ओढा किंवा नदी ओलांडायची तर पाणी गुडघ्याच्या खाली असेल तिथेच, सायकल आपल्या खालच्या अंगाला धरून. वरच्या अंगाला धरली तर पाण्याचा जोर सायकलीला आणि सायकल आपल्याला ढकलते. चाकाचा मधला भाग, म्हणजे हब, पाण्यात बुडू देऊ नये, बेअरिंगमध्ये गाळ जातो. घरी येऊन गाड्या धुण्याच्या प्रेशर पंपाने सायकल धुणारे तोच गाळ पैसे देऊन आत घालतात, हे वेगळेच.

खानापूरजवळच्या असोग्याला रामलिंगेश्वराचे देऊळ ऐन काठावर आहे. महाशिवरात्रीची गर्दी टाळून जावे.

दुसरा दिवस नंदगड, हलशी, देगाव असा धरावा आणि तो घाईने करू नये. नंदगडला इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळी रायण्णाची समाधी आहे, २६ जानेवारी १८३१ रोजी त्याला इथे फाशी दिले. त्या तारखेला रस्ता माणसांनी भरलेला असतो. पुढे हलशी. कदंब राजांच्या ताम्रपटांतली पलाशिका ती हीच. पाचव्या शतकात इथे राजाश्रयाने जिनालय उभे राहिले आणि पुढे गोव्याच्या कदंबांनी तिला दुसरी राजधानी केले. भूवराह-नरसिंहाच्या बाराव्या शतकातल्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत, एकीकडून दुसरीकडचा देव दिसतो. तास-दीड तास इथेच जातो. गावात आणखी देवळे आहेत आणि वर डोंगरावर रामतीर्थ. त्या चढावर सुटे खडे फार. सर्वांत हलका गिअर आधीच टाकून, बसूनच चढावे, उभे राहिले की मागचे चाक फिरते. देवळाच्या आवारात सायकल आणू नये आणि कोरीव खांबाला तर मुळीच टेकवू नये. पॅडलच्या पिना दगडाला ओरखडा काढतात आणि आठशे वर्षांचा दगड पुन्हा गुळगुळीत करता येत नाही.

देगावचे कमलनारायणाचे देऊळ कित्तूरच्या बाजूला. शिवचित्त कदंबाची राणी कमलादेवी हिच्या नावाचे, एका ओळीत तीन गाभारे. हलशी पाहून मागे फिरणारे बहुतेकजण हे चुकवतात, आणि आमच्या मते कोरीव काम पाहायचे तर हेच उजवे.

हलशीच्या भागात अस्वले आहेत. उजाडण्यापूर्वी आणि दिवस मावळल्यावर झाडीतली वाट नको. संध्याकाळचे दुसरे भय उसाच्या ट्रॉल्यांचे. नोव्हेंबरपासून त्या रात्रंदिवस चालतात आणि कित्येकांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टरही नसतो. पाचनंतर डांबरी रस्त्यावर असाल तर अंगावर चमकणारे जाकीट हवेच. पाणी माणशी तीन लिटर धरावे. नंदगड सोडल्यावर बाटली मिळेल ती चहाच्या गाड्यावर, तोही दुपारी बंद.

दोन मागण्या आहेत. खानापूर-नंदगड-हलशी-देगाव या वाटेवरच्या फाट्यांवर पाट्या लावाव्यात. भाषेवरून आपल्याकडे व्हायचे ते वाद होतातच, पण पाटी कुठल्याही भाषेत असो, तीवरचे किलोमीटर तरी खरे असावेत. दुसरी, पाणंदी डांबरी करायला आमचा विरोध नाही, शेतकऱ्याला बारमाही रस्ता हवाच. पण आधी ओढ्यांवरच्या फुटलेल्या मोऱ्या दुरुस्त व्हाव्यात. मोरी फुटली की पाणी पाणंदीतूनच वाहते, मग वर डांबर घाला की मुरूम, ते पहिल्या पावसातच जाते.

कित्तूरला पोचल्यावर इंग्रजांशी झालेल्या १८२४ च्या लढाईचा किल्ला पाहून घ्यावा. पडक्या वाड्यातून फिरायला अर्धा तास पुरतो. तिथून महामार्गाने सायकलवर बेळगाव गाठण्यात काही अर्थ नाही. अवजड गाड्या, धूर आणि सर्व्हिस रोडवरून उलटे येणारे दुचाकीस्वार. एम. के. हुबळीपर्यंत येऊन मलप्रभेच्या पात्रातला बसवेश्वरांची पत्नी गंगांबिका हिचा मंडप पाहावा आणि तिथे छोटा टेम्पो ठरवावा. सायकली उभ्या बांधाव्यात, डिरेलरची बाजू वर किंवा मोकळी राहील अशी, आणि ब्रेकच्या डिस्कवर काही टेकणार नाही हे पाहून.

आपले,
खानापूर तालुक्यातले काही सायकलवाले