वरच्या क्रमांकासाठी किती मोजायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग या आइस हॉकी स्पर्धेच्या ड्राफ्टवरील, म्हणजे संघांनी होतकरू तरुण खेळाडू क्रमाक्रमाने, फेरीफेरीने निवडून घेण्याच्या वार्षिक प्रक्रियेवरील, आपल्या क्रीडा पुरवणीतला लेख वाचला. तळाच्या संघांनी हातचे खेळाडू आणि पुढच्या वर्षांचे निवडीचे हक्क देऊन का होईना, वरचा क्रमांक, म्हणजे इतरांआधी निवडण्याची संधी, पदरात पाडून घ्यावाच, हे त्यातील मत सरसकट मान्य करता येत नाही.

1999 च्या बोस्टन येथील ड्राफ्टमध्ये व्हँकुव्हरचे सरव्यवस्थापक ब्रायन बर्क यांना स्वीडनचे जुळे भाऊ डॅनियल आणि हेन्रिक सेडिन, दोघेही हवे होते आणि हाती होता तिसरा क्रमांक. त्यांनी बचावपटू ब्रायन मॅककेब आणि 2000 सालचा पहिल्या फेरीतला हक्क शिकागोला देऊन चौथा क्रमांक मिळवला. तो चौथा आणि तिसऱ्या फेरीतले दोन हक्क टँपा बेला देऊन पहिला घेतला. आणि अटलांटाने सेडिन बंधूंना हात लावायचा नाही या बोलीवर तो पहिलाही त्यांना देऊन दुसरा घेतला. पुढे 2010 मध्ये हेन्रिक आणि 2011 मध्ये डॅनियल लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवणारा खेळाडू ठरला. सौदा महागडा होता, पण पैसे वसूल झाले.

त्याच ड्राफ्टमध्ये अटलांटाने पहिल्या क्रमांकावर घेतलेल्या पॅट्रिक स्टेफानचे लीगमधील कारकिर्दीतले गोल 64 भरले. टँपा बेकडून चौथा क्रमांक मिळवण्यासाठी न्यूयॉर्क रेंजर्सनी गोलरक्षक डॅन क्लूटिएसह बरेच काही मोजले; त्यावर निवडलेला पावेल ब्रेंडल त्यांच्यासाठी लीगचा एकही सामना खेळला नाही. डेट्रॉइटने 210 व्या क्रमांकावर, म्हणजे जवळजवळ फुकटात उचललेला हेन्रिक झेटरबर्ग मात्र 2008 च्या स्टॅन्ली कप प्ले-ऑफमधला (लीगच्या विजेतेपदासाठीच्या बाद फेरीतला) सर्वोत्तम खेळाडू ठरला.

बर्क यांनी किंमत मोजली ती दोन ठरावीक खेळाडूंसाठी, म्हणूनच पहिला क्रमांक हाती येऊनही त्यांनी तो सोडला. अठरा वर्षांच्या मुलांबद्दल एवढी खात्री क्वचितच असते, आणि पहिली दोन-तीन नावे संपली की पुढच्यांतला फरक बराच पुसट होतो. टोरांटोने 2008 मध्ये सातव्यावरून पाचव्यावर येण्यासाठी दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीतला एकेक हक्क देऊन ल्यूक शेनला घेतले; दोन पायऱ्यांसाठी दोन संधी गमावणे मला तरी महागच वाटते.

शिवाय 2005 पासून संघाच्या एकूण पगारखर्चावर वेतनमर्यादा लागू झाल्याने, पहिल्या करारावर स्वस्तात खेळणारा होतकरू खेळाडू कोणता संघ सहजी सोडेल? पिट्सबर्गने 2003 मध्ये फ्लोरिडाकडून पहिला क्रमांक घेऊन मार्क-आंद्रे फ्लरीला निवडले. त्यानंतर पहिल्या क्रमांकाचा सौदा झालेलाच नाही. लेखकाच्या सल्ल्याने निघालेल्या संघाला बाजारात मिळतील ते बहुधा चौथ्यापासून दहाव्यापर्यंतचे क्रमांक, आणि जास्तीची किंमत मोजणे सर्वांत कमी परवडते तेही तिथेच.

आपला,
एक वाचक, मिसिसागा (कॅनडा)